साडूंचा पूल

डावा काठ, ३ नोव्हेंबर

साडूबुवा,

माझा पहिला तुकडा परवा ओतला. त्याला खरं काय लागलं ते लिहितो. सिमेंट, सळई, तारा हे कंपनीच्या दप्तरात आहे, ते सोडून द्या. दप्तरात नाही ते असं: माझा घसा बसला, तो अजून उठलेला नाही. माझ्या फोरमनच्या, म्हणजे आपल्या ढोलकच्या, अंगठ्यावर लोखंडी चिमटा पडला. क्रेनवाल्याशी माझं कायमचं बिनसलं. थोरलीला कबूल केलेला एक रविवार गेला, आणि त्यापायी तिचा चांगला मूड आठवडाभर गेला. या सगळ्याहून महागात काय पडलं सांगू? सगळं आटोपल्यावर हात पुसत मी नदीपलीकडे पाहिलं आणि तुमचा नवा गाडा दिसला. पिवळाधमक. तेवढं दिसलं नसतं तर तुकडा स्वस्तात झाला असता.

दोघी बहिणींनी आपल्या फोनवर बंदी घातली ते बरंच झालं. त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला काय काय म्हणालो ते थोरलीनं नंतर मला शब्दन् शब्द ऐकवलं. मला पटेचना, इतकं मला सुचतं? आता जे भांडायचं ते कागदावर, नावाड्याच्या हाती. काँक्रीटचे नमुने तपासायला न्यायचे म्हणून तो रोज दोन्ही काठांना लागतोच.

धाकटी हे पत्र वाचणार, म्हणून तिच्यासाठी लिहितो. बाई गं, गाडा म्हणजे बैलगाडी नव्हे. पुलाच्या टोकाला लटकलेला लोखंडी सांगाडा, त्यात साचा. साच्यात काँक्रीट ओतायचं, ते धरलं की आतून तारा ओवून जॅकनं ताणायच्या, म्हणजे नवा तुकडा जुन्याला आवळला जातो. मग सांगाडा पुढे सरकवायचा आणि पुन्हा तेच. खालून टेकू नाही, नुसता हवेत वाढत जाणारा हात. तुझा नवरा उजव्या काठाकडून, मी डाव्याकडून, आणि मध्यावर एक शेवटचा तुकडा दोघांनी मिळून ओतायचा. झाला पूल. एकाच सासूचे दोन जावई एकाच पुलाला जुंपायची कल्पना ज्या साहेबाला सुचली, त्याला स्वतःला साडू नसणार.

पुढच्या पुलाचं तुमच्याही कानावर आलं असेल. याच्या दुप्पट लांबीचा आहे आणि तो आपल्या दोघांतल्या एकालाच मिळणार. मोठे साहेब स्वतः म्हणाले. तुम्हाला ते काम मिळालं तर तुमची बढती होईल. मला नाही मिळालं तर माझ्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहणारी ही सगळी टोळी फुटेल. मी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलत होतो तेव्हापासून पाहतोय, एकदा फुटलेली टोळी परत जमत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, साडू असलात तरी मी सोडणार नाही.

तुमचा,
भाऊ


उजवा काठ, ६ नोव्हेंबर

भाऊ,

नमस्कार. गाड्याचा पिवळा रंग कंपनीचा आहे, मी निवडलेला नाही. तुम्हाला तो लांबून दिसतो म्हणून सुंदर दिसतो. त्याच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलंय, त्याची भाषा या काठावर कोणालाच येत नाही. आम्ही चित्रं पाहून चालवतोय.

पण तुम्ही माझ्या लोखंडावर जळता आणि मी तुमच्या माणसांवर, हेही एकदा लिहून ठेवू. माझ्याकडची माणसं तीन ठेकेदारांकडून गोळा केलेली. एक जण सळई धरतो, दुसरा बांधतो, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्या काठावरून मात्र दुपारच्या सुट्टीत हसण्याचा आवाज पाण्यावरून इथवर येतो. माझी माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात.

विचारायचं ते हे. गाडा जुना, अंगठा सुजलेला, घसा बसलेला, तरी तुमचा तुकडा माझ्या आधी झाला. कसा?

आपला,
साडू

ता. क. भाऊजी, बैलगाडी नाही एवढं मला माहीत होतं. पत्र वाचलं, समजलं, आणि आईला फोनवर वाचूनही दाखवलं. आई म्हणाली, "धाकट्याला नवीन मशीन दिलंय म्हणजे साहेबांचा विश्वास दिसतोय." — धाकटी


डावा काठ, ४ डिसेंबर

साडूबुवा,

"कसा?" म्हणून विचारलंत आणि मी सांगितलं नाही. म्हणून तुम्ही दुर्बीण घेतलीत! नावाडी भाबडा माणूस, तो कौतुकानं सांगतो, "पलीकडचे साहेबपण आता सळईचा पिंजरा जमिनीवरच बांधतात हो, आणि उचलून अख्खाच्या अख्खा साच्यात सोडतात, तुमच्यासारखा." माझ्यासारखा! मी चहा तसाच ठेवला.

ही युक्ती मला कोणी कॉलेजात शिकवलेली नाही. एवढ्या मोठ्या कामावर दिवस कामात जातच नाही, वाट पाहण्यात जातो. नकाशावर सही व्हायची वाट, क्रेनची वाट, सळईच्या ट्रकची वाट, तपासनीस साहेबांची होडी यायची वाट. पंचवीस माणसं ओळीनं बसून विडी ओढतात, आणि वर्तमानपत्रात येतं की कामगार आळशी. म्हणून मी ठरवलं की वर सहीची वाट पाहायची तेवढ्यात खाली पुढचा पिंजरा बांधून तयार ठेवायचा. यात अक्कल एवढीच, पण ती माझी होती. आता तुमचीही झाली, आणि तुमचा गाडा नवा.

सासूबाईंचं वाक्य धाकटीनं अगदी आठवणीनं कळवलं, त्याबद्दल आभारी आहे. त्या घरात जावई होऊन मला इतकी वर्षं झाली. माझ्या कामाबद्दल त्या आजवर एकच वाक्य बोलल्या आहेत, "शर्टाला सिमेंट लागलंय." पण तुम्ही बघाच. पूल होऊ दे. त्यांना माझ्या गाडीत बसवणार, मधोमध आणून थांबवणार आणि म्हणणार, आई, आता तुम्हीच सांगा, कुठल्या जावयाचं काम सरस. बाईंची नजर पक्की आहे. बाजारात कापड नुसतं बोटांनी चाचपून भाव सांगतात. पुलावर बघताक्षणी सांगतील, आणि काय सांगतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

मी दोन तुकडे पुढे आहे.

भाऊ


उजवा काठ, ९ डिसेंबर

भाऊ,

होय, दुर्बिणीतून पाहिलं. चांगली गोष्ट पाहून उचलली, त्यात चोरी कसली? ढोलकच्या डब्यात रोज काय असतं तेही दिसतं, ते मात्र मी उचललेलं नाही.

तुम्ही दोन तुकडे पुढे आहात, आणि मी लिहितोय ते त्याबद्दलच. डिझाइनच्या बाईंचा नियम दोघांनाही दिलेला आहे. आपल्या दोघांत एका तुकड्याहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. हवेतला हात स्वतःच्या वजनानं हळूहळू वाकत राहतो, आणि काँक्रीट जितकं कोवळं तितकं जास्त. बाईंनी प्रत्येक तुकडा किती वर उचलून ओतायचा ते ठरवलंय ते दोन्ही टोकं एकाच सुमारास मध्यावर येतील असं धरून. तुम्ही जरा दमानं घ्या. मी जानेवारीत गाठतो तुम्हाला.

आपला,
साडू


डावा काठ, १२ डिसेंबर

साडूबुवा,

शर्यतीत मागे पडलेल्यानं पुढच्याला "दमानं घ्या" म्हणायचं, हा नियम कुठल्या बाईंनी काढला ते मला ठाऊक नाही, पण सोयीचा आहे. माझे कान तिखट आहेत. "मी गाठतो तुम्हाला" हे तुम्ही शेवटी हळूच म्हणालात, ते मला सगळ्यात मोठ्यानं ऐकू आलं.

काँक्रीटचे नमुने तपासणीत पास होतात. लवकर धरणारं सिमेंट साहेबांच्या परवानगीनं घेतलंय. थांबायला मला कोणी लेखी सांगितलेलं नाही. सांगितलं तर थांबेन. साडूच्या सांगण्यावरून नाही.

भाऊ


उजवा काठ, १० जानेवारी

भाऊ,

आज भांडायला नाही, मागायला लिहितोय.

तारा ताणायचा आमचा जॅक गेला. आतलं सील फाटलं, सगळं तेल पाण्यात. नवं सील परदेशातून बोटीनं यायचं आहे, आणि बोट कधी लागेल ते कोणीच छातीठोक सांगत नाही. तारा ताणल्याशिवाय गाडा पुढे सरकत नाही, म्हणजे आम्ही आहोत तिथेच लटकून राहणार.

तुमच्याकडे दुसरा जॅक आहे. गोदामाच्या शेडमागे ताडपत्रीखाली. आमच्या मापाचा आहे. सील येईपर्यंत द्या. नावाड्याबरोबर चार माणसं पाठवतो. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

आपला,
साडू


डावा काठ, ११ जानेवारी

साडूबुवा,

वाचून वाईट वाटलं. अगदी मनापासून.

दुसरा जॅक आहे खरा, पण त्याला जॅक म्हणणं म्हणजे त्याची थट्टा आहे. मागच्या पुलावरच तो दमला. दाब धरत नाही, मध्येच सोडून देतो. उद्या तुमच्या टोकावर एखादी तार सुटली, कोणाच्या जिवावर बेतलं, तर धाकटीला मी तोंड कसं दाखवू? म्हणून देत नाही. तुमच्याच काळजीनं.

नवीन मशीनचं असंच असतं. दिसायला पिवळं, सीलसाठी मात्र समुद्रापलीकडे पाहायचं. माझा जुना गाडा बिघडला तर ढोलक त्याला हातोडीनं दोन शिव्या घालतो आणि तो चालू होतो.

थोरली विचारते, साडूंना काय लिहिलं. म्हटलं, धीर दिला.

भाऊ


डावा काठ, २६ फेब्रुवारी

साडूबुवा,

पोचलो!

काल माझा शेवटचा तुकडा ताणला. आता माझ्या टोकापुढे फक्त मधल्या तुकड्याची जागा, आणि तिच्यापुढे बरीच मोकळी हवा, आणि त्या हवेच्या पलीकडे तुम्ही. ढोलकनं टोकावर उभं राहून तुमच्या दिशेनं जी आरोळी ठोकली ती तुम्हाला ऐकू आली असेल. त्याला मी रागावलो, पण उशिरा रागावलो.

मोठ्या साहेबांनी फोनवर "वा" म्हटलं. एकच अक्षर, पण साहेबांच्या तोंडून ते मी आधी ऐकलं नव्हतं. टोळीला आज सुट्टी दिली. बायका विचारतात, "मालक, पुढच्या पुलावर खोल्या पक्क्या भिंतींच्या मिळतील का?" मी म्हणालो, खिडक्यासुद्धा मिळतील.

आमच्या लेव्हलवाल्यालाही घरी पाठवला. दुर्बीण लावून उंची मोजणं एवढंच त्याचं काम. ओतायचं संपलं, आता काय मोजायचं? बसून खातोय कशाला.

मी टोकावर खुर्ची टाकून बसतो. तुमचं काम इथून फार छान दिसतं. घाई करू नका.

भाऊ


उजवा काठ, १५ मार्च

भाऊ,

अभिनंदन. आरोळी ऐकू आली.

सील आलं. परवापासून आम्ही पुन्हा सुरू झालो. अजून पाच तुकडे आहेत. रोज सकाळी लेव्हल लावली की तुमचं टोक समोरच दिसतं. अगदी स्पष्ट. खुर्चीही दिसते. बसा निवांत.

आपला,
साडू


डावा काठ, १९ मे

साडूबुवा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं.

काल तुमचा शेवटचा तुकडा झाला, आणि डिझाइनच्या बाई आणि मोठे साहेब माझ्या टोकावर आले. बाईंनी पट्टी धरायला लावली, दुर्बिणीत पाहिलं. साहेबांनी पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. माझं टोक तुमच्या टोकापेक्षा चार बोटं खाली. टोळी मागे उभी होती. मी म्हणालो, "पलीकडचंच वर गेलं असेल." बाई म्हणाल्या, "काका, त्यांचं जिथं हवं तिथंच आहे."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, हे जास्त लागलं. "तुमचा हात कोवळा असतानाच शेवटापर्यंत गेला, आणि मग त्याला धरायला समोर कोणी नव्हतं. इतके दिवस तो नुसता वाट पाहत उभा होता. उभा राहून राहून वाकला." मी विचारलं, आता वर उचलता येईल? म्हणाल्या, "वाकलेलं वर येत नाही." विचारलं, मग? "मग पलीकडचं टोक दाबून खाली आणायचं. पाण्याच्या टाक्या चढवून." म्हणजे तुमचं बरोबर असलेलं टोक माझ्या चुकलेल्या टोकाच्या पातळीला आणायचं. मध्यावर पूल किंचित बसका राहणार, वर डांबराचा जादा थर घालून झाकणार. कायमचा.

जाताना साहेब म्हणाले, "महिनाभर आधी कळलं असतं तर निम्म्यावर निभावलं असतं. तुम्ही मोजत नव्हता?"

रात्रभर हे "महिनाभर आधी" माझ्या कानात वाजत होतं. मग तुमचं मार्चचं पत्र काढून वाचलं. "तुमचं टोक समोरच दिसतं. अगदी स्पष्ट." मला तेव्हा वाटलं होतं, जळतोय बिचारा. साडूबुवा, ढोलकच्या डब्यातली पोळी मोजणाऱ्या माणसाला माझं बसत चाललेलं टोक दिसलं नाही, असं मी समजू का? तुम्हाला रोज सकाळी दिसत होतं. आणि रोज सकाळी तुम्ही गप्प बसलात. "बसा निवांत" म्हणालात!

उद्या साहेब चौकशी करणार आहेत. सगळं सांगून टाकावं असं माझ्या अगदी जिभेवर आलंय.

भाऊ


उजवा काठ, १९ मे, संध्याकाळ

भाऊ,

दिसलं. मार्चमध्ये पुन्हा सुरू झालो तेव्हाच दिसलं. मी तुम्हाला लिहायलाही बसलो होतो.

त्याच दिवशी वारा सुटला. तुमच्या शेडमागची ताडपत्री उडाली आणि तुमची दोन माणसं तिच्यामागे धावत होती. गंमत म्हणून मी दुर्बीण तिकडे वळवली. खाली तुमचा दमलेला जॅक होता. नवाकोरा. कंपनीची चिठ्ठीसुद्धा त्याच्या मुठीवरून काढलेली नव्हती.

मी लिहायला घेतलेला कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तो तुम्हाला मिळाला.

मला सील मिळेपर्यंत मी दोन महिने लटकून होतो, भाऊ. माझी माणसं निम्मी निघून गेली. तुमच्या टोकाला वाट पाहावी लागली ती माझी, आणि मला वाट पाहावी लागली ती तुमच्या जॅकअभावी. बाईंना हा भाग माहीत नाही. उद्या सांगायचं असेल तर सगळं सांगा, मीही सांगेन.

टाक्या तुमच्याच गोदामात आहेत. चौकशी काहीही होवो, त्या पाठवाव्या लागतील.

साडू


डावा काठ, २८ मे

साडूबुवा,

आठवडाभर आपण एकाच टोकावर उभे होतो आणि एक शब्द बोललो नाही. बहिणींचा कायदा फोनपुरता होता, समोरासमोर बोलायला बंदी नव्हती, तरी दोघांनी तो इमानानं पाळला. मी टाक्या घेऊन होडीतून उतरलो तेव्हा तुम्ही चहाचा पेला पुढे केलात. मी घेतला. तेवढंच.

तुमच्या पिवळ्या गाड्यावर मी हात ठेवून पाहिला, तुमची पाठ होती तेव्हा. थंड, गुळगुळीत. चाकं फिरताना आवाजच नाही. मी आजवर ज्याच्यावर जळलो ती वस्तू इतकी शांत असेल असं वाटलं नव्हतं. आता त्याच्यावर अजून जळतो.

तुमचं टोक माझ्यासाठी खाली येत होतं. पाणी चढत होतं, बाई दुर्बिणीतून आकडे सांगत होत्या, आणि तुमची माणसं बघत होती. बिघडलेलं काही नसताना स्वतःचं काम खाली दाबताना बघायचं म्हणजे काय, ते मला त्यांच्या तोंडांवरून कळलं. मी टाकीचा नळ धरून उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

आता चौकशीचं. साहेबांनी विचारलं, "दोन महिन्यांचं अंतर पडलंच कसं?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आमचा जॅक बिघडला, सील उशिरा आलं." बस. माझ्या जॅकचं नावही काढलं नाहीत. मग साहेब माझ्याकडे वळले. "टोक बसतंय हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" माझ्या जिभेवर तुमचं नाव होतं. मी म्हणालो, "लेव्हलवाल्याला मीच घरी पाठवला होता." बाईंनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटतं त्यांना कळलं. त्यांच्या नवऱ्याला नक्की साडू असणार.

काल साहेबांचा निर्णय आला. पुढचा पूल तुमच्याकडे. मला या पुलाचे कठडे आणि रंगकाम. तुम्हाला आधीच कळलं असेल. तुमच्या काठावर आरोळी झाली नाही, तेही मी ऐकलं.

मी खोटं लिहिणार नाही. वाचून जळलो. थोरलीनं ताट वाढलं, मी न जेवताच उठलो. ती म्हणाली, "धाकटीचं घर वर येतंय तर तुमचं काय जातंय?" म्हटलं, तेच तर जातंय.

पण टोळीला कठड्यांचं काम पुरणार नाही. म्हणून लिहितो. यांना तुम्ही घ्या. अख्खी टोळी घ्या, तोडून घेऊ नका. ढोलकला चारचौघांत रागवायचं नाही, एकट्याला घेऊन काय ते बोलायचं, मग तो तुमच्यासाठी नदीत उडी टाकेल. सळई बांधणारे दोघे भाऊ आहेत, त्यांना वेगवेगळ्या पाळीत टाकलंत तर दोघंही निघून जातील. आणि बायकांना मी खिडकीच्या खोल्या कबूल केल्यात. तो शब्द माझा होता, पाळायचा तुम्ही.

तो जॅकही पाठवतोय. चिठ्ठी काढलेली आहे.

भाऊ


उजवा काठ, ३० मे

भाऊ,

टोळी आली. ढोलक होडीतून उतरला आणि तुमच्या काठाकडे तोंड करून त्यानं इतक्या मोठ्यानं नाक शिंकरलं की माझ्या क्रेनवाल्यानं काम थांबवलं. दोघे भाऊ एकाच पाळीत आहेत. खिडक्यांचं मी साहेबांकडून लेखी घेतलंय.

काल दुपारच्या सुट्टीत माझ्या काठावर पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं हसलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते हसले ते ढोलक तुमची नक्कल करत होता म्हणून. तुमचा बसलेला घसा, हात कमरेवर, "सहीची वाट बघता काय रे, पिंजरा बांधा!" मी मागे उभा होतो. मला पाहून सगळे डबे बंद करू लागले. मला वाटलं, मी पाच पूल बांधले तरी माझी नक्कल कोणी करणार नाही.

तुम्ही या ना तिकडे. नव्या पुलाचा एक काठ तुम्ही घ्या. साहेबांशी मी बोलतो.

आपला,
साडू

ता. क. भाऊजी, हो म्हणा. ताईलाही मी सांगितलंय. — धाकटी


डावा काठ, ४ जून

साडूबुवा,

नाही. तुमच्या हाताखाली नाही, आणि तुमच्या शेजारीही नाही. राग म्हणून नाही. पुन्हा समोरासमोर दोन टोकं दिली तर मी पुन्हा शर्यत लावीन, हे मला ठाऊक आहे आणि थोरलीलाही ठाऊक आहे. धाकटीला सांगा, प्रस्तावाबद्दल आभारी आहे.

कठडे करतो. कठड्याला दुसरं टोक नसतं.

ढोलकची नक्कल चुकीची आहे. मी हात कमरेवर ठेवत नाही.

भाऊ


डावा काठ, १७ ऑक्टोबर

साडूबुवा,

पूल सोमवारी वाहतुकीला खुला झाला. तुम्ही आणि धाकटी नव्या कामावरून येऊ शकला नाहीत, म्हणून काय झालं ते कळवतो. फीत कापली, भाषणं झाली. तुमचं नाव एकदा घेतलं, माझं एकदा. मी मोजलं नव्हतं, थोरलीनं मोजलं.

काल सकाळी सासूबाईंना गाडीत मागे, थोरलीशेजारी बसवलं. त्यांना उशी दिली, खिडकीची काच खाली केली, कठड्यांना आदल्याच दिवशी रंगाचा शेवटचा हात दिलाय हेही सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मी हळू चालवत होतो. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, वाजवू दिला. तुमच्या काठाचे खांब नीट दिसावेत म्हणून डावीकडच्या पट्ट्यातून गेलो. मधला तुकडा आला. डांबराचा जादा थर मला चाकाखाली कळला, दुसऱ्या कोणाला कळणार नाही. पुलावर थांबायला मनाई आहे, तरी मी गाडी कडेला घेतली, दिवे लावले, घसा साफ केला आणि वळून म्हणालो, "आई, आता सांगा."

थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं. सासूबाई पूल लागायच्या आधीच झोपल्या होत्या.

भाऊ